प्रमाण : एकास एक

पेटी क्रमांक एकतीस. आत
बास्कुन्यान नावाच्या एका आरेखकाचे कागद,
सुतळीला अजून डांबराचा वास.
बंदराच्या कचेरीत तो धक्के आखायचा :
पाण्याची खोली, भरतीची रेघ, किती टनांची क्रेन.
शाई सांगितल्यासारखी वागणारी.

मग ऑगस्टमधली ती रात्र.
वालपराइसोच्या टेकड्यांनी अंग झाडलं
आणि होत्याचं नव्हतं झालं.

त्यानंतरच्या कागदांवर धक्के नाहीत.
घरं आहेत. जी उरली नव्हती, ती.

लोक येऊन सांगायचे, हा काढायचा.
काहींनी पत्रं धाडली. तीही त्याने ठेवली,
ज्याचं पत्र त्याच्या घराला टाचून.
टाचण्या मी काढल्या. गंज राहिला,
दर घराच्या कपाळावर एक तपकिरी तीळ.

दोमितिला ओयार्सो, धोबीण, विधवा, लिहिते
(म्हणजे सांगते; अक्षर पाद्र्याचं आहे) :
"खिडक्या दोनच होत्या, साहेब.
तिसरी समुद्राकडे काढायची फार मनात होतं.
आता काढताच आहात, तर तीही काढा."
त्याने काढली. पडद्यासकट.

पाववाला उर्रेहोला याला जिना रुंद हवा होता
आणि भावाची खोली नको होती.
एका म्हातारीला घरही नको होतं,
फक्त अंगणातलं लिंबाचं झाड :
"एक फांदी भिंतीपलीकडे जायची. शेजारीण नाही म्हणेल.
तिचं ऐकू नका."

मागच्या आठवड्यात नगरपालिकेचे इंजिनिअर आले.
जुन्या हद्दींचा वाद आहे म्हणे.
हातमोजे चढवत त्यांनी विचारलं,
हे प्रमाण म्हणून चालेल?
मी म्हटलं, प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहिलंय,
एकास पन्नास.
ते हसले नाहीत.
पत्रं त्यांनी मागितली नव्हती. मी दाखवली.
पगार त्याचाच घेते.
दोमितिलाची तिसरी खिडकी वाचून झाल्यावर
त्यांनी वहीत लिहिलं : अविश्वसनीय.
पेन्सिलने. इथे पेनला परवानगी नाही.

पेटीबरोबर पत्र्याचं एक लांब नळकांडं आलं होतं.
यादीत नोंद : बांधकाम तपशील, इमारत अज्ञात.
ते मी काल उघडलं.

वीतभर रुंद पट्टी, दोन टेबलं लावली तरी संपेना.
घर नाही. छप्पर नाही.
एका दाराच्या चौकटीची एकच बाजू,
लाकडाच्या शिरा, गाठी, बिजागरीचे तीन खिळे,
आणि कडेला आडव्या छोट्या रेघा.

क्लोरिंदा, तीन वर्षं.
क्लोरिंदा, चार. गोवर उतरल्यावर.
क्लोरिंदा, पाच. टाचा उचलल्या होत्या, पुन्हा मोजली.
क्लोरिंदा, सहा.

तिथून वर नुसतं लाकूड.
शीर न् शीर काढलेली, पार वरच्या पट्टीपर्यंत,
जणू कुणी ते पुढे तपासणार आहे.
कोपऱ्यात : एकास एक.

दुसऱ्यांना समुद्राकडची खिडकी देणारा माणूस.
सातवी रेघ त्याच्या हातातच होती.
बोटभर शाई. कोण विचारणार होतं?
ओढली नाही.

नियम असा, की कागद आडवाच ठेवायचा.
बावीस वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवते.
वाचनालय बंद झाल्यावर नाउएलला म्हटलं, स्टूल घे,
वरचं टोक दोन्ही हातांनी धर.
खालचं टोक फरशीला टेकलं.
मी बूट काढले आणि जवळ जाऊन उभी राहिले.

सहाची रेघ
माझ्या कोपराच्या चार बोटं वर आली.

वरून नाउएल म्हणाला, झालं का, बाई?
हात भरून आलेत.
मी म्हटलं, थांब.
हलवू नकोस.